बारा खांबांची मापं

कुंपण तिसऱ्यांदा पडलं तेव्हा टेलरमास्तर एका जुन्या पॅन्टची शिवण उसवत बसले होते. आवाज असा फारसा झालाच नाही. धाडकन पडलं असतं तर निदान कुंपणाची काही शान राहिली असती. पण ते जेवण झालेल्या वयस्कर माणसासारखं सावकाश मागे कलंडलं, आणि त्याच्या अंगावरून चालत कंपाउंडरची बकरी परसात आली.

"अहो," मागून बायकोचा आवाज आला, "जरा बाहेर या. पाहुणी आलीय."

मास्तर बाहेर गेले. बकरीची दोन वांगी खाऊन झाली होती, तिसरं चाललं होतं. बायको कमरेवर हात ठेवून नुसती बघत होती. ती ओरडत नव्हती, हाकलत नव्हती, हे लक्षण काही बरं नव्हतं.

"अगं, हाकल ना तिला."

"कशाला? तिला हाकललं म्हणून कुंपण उभं राहणारंय का?"

कंपाउंडरला जाऊन चार शब्द सुनवावेत, तर तीही सोय नव्हती. गल्लीतल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी त्याच्यापुढे दंड उघडा करून बसावं लागायचं, आणि ज्याच्या हातात सुई त्याच्याशी वाकडं कोण घेणार? त्यामुळे बकरी गल्लीभर राजरोस हिंडत असे.

मास्तरांचं पहिलं कुंपण साध्या लाकडाचं होतं. ते दोन वर्षं टिकलं. दुसऱ्या वेळी मेहुण्याच्या सल्ल्याने त्यांनी प्रत्येक खांबाभोवती सिमेंटचा गोल थापला. त्या गोलात पाणी साठायचं आणि खांब त्यात पाय सोडून बसल्यासारखे उभे असायचे. ते दीड वर्षात गेले. तिसऱ्या खेपेला मास्तरांनी खांबांना वरपासून खालपर्यंत हिरवा ऑइलपेंट फासला. रंग मात्र उत्तम निघाला. आतलं लाकूड कुजून भुसा झालं, तरी रंग शेवटच्या दिवसापर्यंत उभा होता.

"मी भावाला फोन केलाय," बायको म्हणाली. "येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतोय. सिमेंटचे खांब घेऊन."

मास्तरांनी वळून आतल्या शिलाई मशीनकडे पाहिलं.

मेहुण्याचा सिमेंटच्या खांबांचा कारखाना होता आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर सिमेंट हाच उपाय आहे अशी त्याची खात्री होती. माणूस मनाने वाईट नव्हता. पण मागे एकदा नळाची तोटी बदलायला म्हणून आला तो बारा दिवस राहिला, आणि जाताना मास्तरांचं शिलाई मशीन उचलून समोरच्या भिंतीला लावून गेला. "दाजी, इथं उजेड बघा कसा झकास आहे." उजेड झकास होता खरा, पण नको त्या खांद्यावरून यायचा. तेव्हापासून मास्तर स्वतःच्याच सावलीत शिवण घालत होते. मशीन परत पूर्वीच्या जागी न्यायचं धाडस त्यांना अजून झालं नव्हतं. आता परसही गेलं, तर घरात स्वतःची म्हणावी अशी एक टाचणी ठेवायची जागा तेवढी उरेल, असं त्यांना वाटलं.

"बाबांच्या झाडाचे खांब आहेत ना मिस्त्रींकडे," ते म्हणाले. "ते लावतो."

ते निलगिरीचं झाड मास्तरांच्या वडिलांनी लावलं होतं. मास्तरांनी पहिल्यांदा शर्टाची काजं एकट्याने नीट केली, त्याच दिवशी. वडीलही शिंपीच. गेल्या वर्षीच्या वादळात झाड आडवं झालं, आणि सुतारमिस्त्रींनी त्याचे मोजून बारा खांब काढून, साल सोलून, वर्षभर शेडमध्ये वाळवले होते. तेरावा खांब निघणार नव्हता. ते झाड पुन्हा पडणार नव्हतं आणि वडील पुन्हा लावणार नव्हते.

"तेही कुजवाल," बायको हळूच म्हणाली.

"नाही कुजणार."

"कुजले तर?"

"कुजले तर तुझा भाऊ म्हणेल ते. घराभोवती काय, घरात सिमेंटचे खांब लाव म्हणाला तरी लावीन."

मास्तर असं बोलून गेले आणि मग मागे फिरायची सोय उरली नाही.

सुतारमिस्त्रींना काम करताना खिळे तोंडात धरायची सवय होती. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात सहा-सात खिळे, त्यामुळे शब्द उजव्या कोपऱ्यातून आणि अगदी मोजके बाहेर पडायचे. मास्तरांनाही तोंडात टाचण्या धरायची सवय. असे दोन कारागीर एकमेकांशी बोलायला लागले की संभाषण फार थोडक्यात आटपायचं.

"खड्डा चोवीस इंच," मिस्त्री म्हणाले. "खांब खालून तीस इंच जाळून काळा करायचा. त्यावर गरम डांबर. तळाला खडी. भोवती माती ठासायची."

"चोवीस खड्डा, तीस काळं," मास्तरांनी वहीत लिहिलं. "वरचे सहा जास्तीचे?"

"जास्तीचे. ते हवेतच."

का हवेत, हे मिस्त्रींनी सांगितलं नाही. मास्तरांनीही विचारलं नाही, कारण त्यांना ते कळलं होतं. किंवा कळलं होतं असं त्यांना वाटलं.

पहिल्याच दिवशी जाळण्यावरून घोटाळा झाला. परसात विटांची लांब चूल मांडली, जाळ केला, एकेक खांब त्यावर फिरवायला घेतला. पण ज्या माणसाची तीस वर्षं इस्त्रीखाली कापड करपू नये या एकाच काळजीत गेली, त्याला मुद्दाम करपवायला सांगणं म्हणजे हलवायाला मिठाईवर मीठ टाकायला सांगण्यासारखं होतं. लाकडातून धुराची पहिली रेघ निघाली की मास्तरांचा हात आपोआप मागे यायचा. दोन तासांत तीन खांब झाले, आणि तिन्ही छान बदामी रंगाचे.

मिस्त्री डोकावून गेले. "बिस्किटं भाजताय का, मास्तर?"

शेवटी बायकोने पदर खोचला. "सरका बाजूला," म्हणाली आणि खांब सरळ जाळात घातला. ज्वाळा वर आल्या, लाकूड तडतडलं, मास्तरांनी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा खांब तीस इंचांपर्यंत कोळशासारखा काळाकुट्ट झाला होता, आणि काळ्याची कड फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ होती. संध्याकाळपर्यंत बाराही खांब झाले.

"माहेरी शिकलीस?" मास्तरांनी कौतुकाने विचारलं.

"सासरी. तीस वर्षं राग गिळतेय, आज जरा बाहेर काढायला जागा मिळाली."

डांबराचं काम मात्र मास्तरांचं. ते त्यांनी इतकं मन लावून केलं की चौथ्या खांबापासून त्यांना स्वतःचाच अभिमान वाटू लागला. सातव्या खांबाच्या वेळी बायकोला "ब्रश कसा, असा एका दमात ओढायचा असतो" हे दाखवताना त्यांनी हात हवेत जरा जास्तच ऐटीत फिरवला. दोन काळे थेंब उडाले आणि मागच्या खिडकीत इस्त्री करून टांगलेल्या कंपाउंडरच्या नव्या करड्या पॅन्टवर जाऊन बसले. जागा अशी निवडली होती, की ती पॅन्ट घालून माणसाला फक्त बसून राहता आलं असतं.

आणि अशा वेळी माणसं नेमकी येतात. पुढच्या दारात कंपाउंडर उभा.

"मास्तर, पॅन्ट झाली?"

"झाली की. म्हणजे, जवळजवळ." मास्तरांनी दारात आडवं उभं राहून खिडकी झाकली. "जरा मार्जिनचं बघायचंय. गुरुवारी एक चक्कर मारा."

"मागच्या गुरुवारीही गुरुवारीच म्हणाला होतात."

"हो, पण हा गुरुवार वेगळा."

कंपाउंडर गेला. मास्तरांना आता स्वतःचं कापड घालून दुसरी पॅन्ट शिवणं आलं. डागाळलेली पॅन्ट त्यांनी घडी करून मशीनच्या खणात टाकली.

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी बारा खड्डे खणले. चोवीस इंच खणायचे होते, त्यांनी तीस इंच खणले. यात त्यांच्या मते काहीच चूक नव्हती. मिस्त्रींनी सहा इंच जास्तीचे सांगितले होते, आणि कापडात जास्तीचं ठेवतात त्याला मार्जिन म्हणतात. वडिलांनी मास्तरांना दोनच गोष्टी मारून मारून शिकवल्या होत्या. पहिली, माणूस वाढतो, कापड वाढत नाही, तेव्हा मार्जिन ठेव. दुसरी, मार्जिन आत दुमडायचं असतं, बाहेर दिसलं तर तो शिंपी नव्हे. तेव्हा काळे सहा इंच लोकांच्या डोळ्यांवर येतील असे उघडे ठेवणं मास्तरांना शक्यच नव्हतं. त्यांनी प्रत्येक खांब असा गाडला की काळ्याची कड जमिनीच्या पातळीला तंतोतंत टेकली, तळाला खडी टाकली, भोवती दगड-माती थरावर थर देऊन पहारीने ठासली. वरून स्वच्छ पिवळं लाकूड, एका ओळीत बारा. मास्तर रस्त्यावर जाऊन लांबून बघून आले, मग जवळून बघितलं, मग पुन्हा लांबून.

शुक्रवारी संध्याकाळी मिस्त्री आले. रविवारी मेहुणा यायचा होता आणि शनिवारी तारा ओढायच्या होत्या. मिस्त्रींनी पहिल्या खांबाला हलवून पाहिलं, तो जागचा हलला नाही. दुसरा, तिसरा. मग ते खाली वाकले, खांबाच्या बुडाशी बघत राहिले, आणि मास्तरांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं की मिस्त्रींनी तोंडातले सगळे खिळे एकेक करून बाहेर काढले आणि खिशात ठेवले.

"मास्तर, काळं कुठंय?"

"आत."

"सगळं?"

"सगळं. एक दोरा बाहेर दिसायचा नाही."

मिस्त्री मातीतच उकिडवे बसले. "अहो, लाकूड कुजतं कुठं? खाली खोल कुजत नाही, तिथं हवा नाही. वर कुजत नाही, तिथं ओल टिकत नाही. जिथं माती संपते आणि हवा सुरू होते, त्या वीतभर जागेत कुजतं. ते सहा इंच त्यासाठी होते. वर दिसायला. तुम्ही बरोबर कुजायची तेवढी जागा मोकळी ठेवलीत."

"मग वर उचलू."

"उचला."

त्यांनी उचलायचा प्रयत्न केला. मास्तर, मिस्त्री आणि बायको, तिघांनी पहार घालून पहिला खांब हलवायला अर्धा तास घेतला. मास्तरांचं ठासणं म्हणजे दुहेरी शिवण, उसवणं त्यांनाही जमेना. आणि पहार लागली तिथे कोळसा आणि डांबर खरवडून खाली पिवळं लाकूड दिसू लागलं, तेव्हा मिस्त्रींनीच हात थांबवला.

"उपटायच्या नादात होतं नव्हतं तेही जाईल. राहू द्या. तीनेक वर्षं निघतील कशीबशी."

"बाबांचं झाड होतं हो ते," बायको म्हणाली. ती चिडली असती तर मास्तरांनी सोसलं असतं. ती चिडली नव्हती, तिला वाईट वाटलं होतं.

मास्तर आत जाऊन मशीनपुढे बसले. माणसाला काही सुचेनासं झालं की हात नेहमीचं काम शोधतात. समोर पोस्टमनची पॅन्ट दुरुस्तीला आलेली होती, ती त्यांनी ओढली. पोस्टमनची पॅन्ट दरवर्षी एकाच जागी जायची. गुडघे धड, बैठक धड, पण खाली बुटाच्या टाचेवर कापड घासतं तिथे झिरझिरीत. त्यावर मास्तरांचा उपाय ठरलेला होता. आतून खालच्या कडेला एक जाड पट्टी शिवायची. मग पॅन्ट झिजत नाही, पट्टी झिजते. त्यांनी पट्टी लावली, सुई टोचली, आणि तसेच थांबले.

खण उघडून त्यांनी कंपाउंडरची डागाळलेली पॅन्ट बाहेर काढली. तिच्या एका पायाकडे बघितलं, मग खिडकीतून खांबांकडे बघितलं.

"अगं," त्यांनी हाक मारली, "टेप घे. वही घे. मापं घ्यायचीत."

"कुणाची?"

"बारा जणांची."

पुढच्या अर्ध्या तासात गल्लीने आजवरचं सगळ्यात चमत्कारिक दृश्य पाहिलं. मास्तर एकेका खांबाभोवती टेप गुंडाळत होते, आणि बायको मागोमाग वही घेऊन फिरत होती.

"नंबर एक. कमर सतरा."

"सतरा."

"नंबर दोन. कमर साडेसोळा. हा जरा किडकिडीत आहे."

"लांबी?"

"सगळ्यांची तेरा. सात जमिनीत, सहा वर. वरच्या अंगाला नेफा दीड इंच, खाली मार्जिन दोन."

बायकोची पेन्सिल थांबली. "खांबाला मार्जिन?"

"खांब वाढणार नाही, मला कळतं गं. पण हात ऐकत नाही."

ती हसली. मिस्त्री येऊन गेल्यापासूनचं तिचं ते पहिलं हसू होतं, आणि मास्तरांच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं.

प्रत्येक शिंप्याकडे न नेलेल्या कपड्यांची एक ट्रंक असते. लोक हौसेने कपडे टाकतात, मग जाड होतात, गाव सोडतात, नाहीतर विसरतात. मास्तरांनी ती ट्रंक उपडी केली. जाड जाड कापडाच्या पॅन्टी निवडल्या, कंपाउंडरची धरून सहा. सहा पॅन्टींचे पाय बारा, आणि खांबही बाराच. या हिशोबावर मास्तर इतके खूश झाले, की त्यांनी तो बायकोला दोनदा सांगितला. नेफ्यात नाडीऐवजी तार ओवली. शनिवारी सकाळी प्रत्येक खांबाभोवती वीतभर माती उकरली, उघड्या लाकडाला कढत डांबर पाजलं, वरून शिवलेला पाय टोपीसारखा घालून खाली ओढला, पक्कडने तार आवळली, वरून पुन्हा डांबर, आणि माती परत लोटली. नेफ्याच्या कडेला डांबराची अशी उतरती गोट लावली की वरून ओघळलेलं पाणी आत न शिरता बाहेर गळावं. खालची बाजू मात्र मोकळी सोडली.

"खालून मोकळं कशाला?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांचे खिळे अजून खिशातच होते.

"पॅन्ट खालून शिवून टाकली तर माणूस चालेल कसा? आत ओल गेलीच तर तिला बाहेर पडायला वाट हवी."

मिस्त्रींनी बराच वेळ विचार केला. "असं कुणी केलेलं मी बघितलं नाही," ते शेवटी म्हणाले. "पण यात चूक काय, तेही सांगता येईना." आणि त्यांनी खिळे परत तोंडात घातले. मास्तरांनी याचा अर्थ मंजुरी असा घेतला.

रविवारी मेहुण्याचा ट्रक आला. मेहुणा खाली उतरला, परसात आला, आणि ओळीने उभ्या असलेल्या, घोट्याला आखूड पॅन्टी घातलेल्या बारा खांबांकडे पाहत राहिला. मग हसायला लागला. हसता हसता त्याला ट्रकच्या पायरीवर बसावं लागलं.

"ताई, दाजींनी खांबांना विजारी घातल्या गं. आता सदरे कधी?"

गल्ली गोळा झालीच होती. ती पण हसली. नऊ नंबरच्या खांबाला पॅन्टचा मागचा खिसाही आला होता, तो बघून तर ग्रंथालयातल्या कारकुनाने चष्मा काढून डोळे पुसले. मास्तरांचे कान तापले. एक मन म्हणालं, आत जाऊन दार लावून घ्यावं. पण ते तसेच उभे राहिले.

"हसून झालं का सगळ्यांचं?" बायको म्हणाली. ती जाऊन नऊ नंबरपाशी उभी राहिली आणि हातातलं खुरपं तिने त्याच्या खिशात ठेवलं. खुरपं तिथे अगदी बेताने बसलं. "आता ऐका. ही पश्चिमेची बाजू ह्यांची. रस्त्याकडची बाजू तुझी. तिथं तुझे सहा खांब लाव. तीन वर्षं बघायचं. ज्याचे टिकतील त्याचे मग घराभोवती चौफेर."

"ताई, तीन वर्षं कशाला, एका पावसात—"

"तीन वर्षं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जाळाची जी धग होती ती मास्तरांच्या ओळखीची होती.

मेहुण्याने सहा खांब लावले आणि तो त्याच दिवशी संध्याकाळी निघून गेला. मास्तरांनी त्याचाच मुहूर्त धरून मशीन पूर्वीच्या भिंतीला परत नेलं.

त्यानंतर लोकांनी मास्तरांना कमी छळलं नाही. येता-जाता कुणी म्हणायचं, "मास्तर, सात नंबर जरा कमरेत सैल वाटतोय." एकदा ग्रंथालयाचा कारकून चार नंबरपाशी रेंगाळला, खाली वाकून कापड चाचपलं, आणि आत आला.

"मास्तर, ती पॅन्ट माझी आहे."

"बरोबर. अकरा वर्षांपूर्वी टाकली होतीत. न्यायला आला नाहीत."

"आता नेतो."

"आता कशी नेणार? ती आता कामावर आहे."

तीन वर्षांत तीन पावसाळे झाले. दरवर्षी एकदा मास्तर डांबराचा डबा घेऊन बारा जणांच्या नेफ्यांवरून हात फिरवायचे आणि सैल झालेली तार आवळायचे. बाकी काही नाही. चौथं वर्ष लागलं आणि ठरल्याप्रमाणे मेहुणा आला. या वेळी त्याने ट्रक आणला नव्हता. स्वतःची पहार मात्र आणली होती.

"उगाच वरवर बघायचं नाही, दाजी. खणून बघायचं."

"कुठला खणता?"

"सात. लोक म्हणतात तो सैल आहे."

मेहुण्याने सात नंबरच्या भोवती फूटभर खणलं. सगळे वाकून उभे होते. मिस्त्री होते, पोस्टमन होता, कंपाउंडर होता. मास्तरांच्या हातात टेप होता आणि तो ते उगाच गुंडाळत आणि उलगडत होते. मेहुण्याने तार कापली, ताठरलेलं कापड सोलून काढलं. मिस्त्री पुढे झाले, टोच्या काढला आणि जिथे माती संपते आणि हवा सुरू होते, बरोबर तिथे दाबला. टोच्या आत गेला नाही. त्यांनी सगळा भार टाकला. नाही गेला. चारी बाजूंनी दाबून बघितला, आणि मग मागे घेऊन त्याचं टोक मास्तरांसमोर धरलं. ते वाकलं होतं.

"नवा टोच्या घ्यायला लागणार," मिस्त्री म्हणाले. एवढं लांब वाक्य त्यांनी खिळ्यांसकट उच्चारलं.

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी खांबावर हात ठेवला. वर्षं गेली तरी निलगिरीचा वास अजून होता, किंवा त्यांना तसं वाटलं. वडील असते तर काय म्हणाले असते, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. शिवण सरळ आहे, एवढंच म्हणाले असते, पण त्या एवढ्यासाठी मास्तरांनी जन्म काढला होता.

"ठीक आहे," मेहुणा म्हणाला. "लाकूड टिकलं, मान्य. पण सिमेंटही—"

"भाऊ," बायको शांतपणे म्हणाली, "मागं बघ. पाहुणी आलीय."

सगळे वळले. रस्त्याकडच्या बाजूने कंपाउंडरची बकरी सावकाश आत येत होती. चौथ्या सिमेंटच्या खांबाला पाठ खाजवायची तिची रोजची सवय होती, आणि आज तो खांब बुडातून मोडून आडवा पडला होता. मेहुणा धावत गेला. खांब मोडला होता तिथे आतली सळई गंजून वातीसारखी बारीक झाली होती. बाकीच्या खांबांना त्याच जागी, जमिनीलगत वीतभर, उभ्या चिरा होत्या.

"पाणी आत गेलं," मिस्त्री म्हणाले. "त्याच जागी."

आता मास्तरांना टोमणा मारायची संधी होती. गल्ली वाटच बघत होती. पण मेहुण्याचा चेहरा बघून मास्तरांना खरोखर त्याची दया आली. त्यांनी त्याला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं आणि मशीनजवळच्या स्टुलावर बसवलं. मशीन पूर्वीच्या भिंतीला आहे, हे मेहुण्याने पाहिलं आणि स्वतःच स्टूल जरा बाजूला, उजेड सोडून सरकवलं.

पाणी पिऊन त्याने ग्लास खाली ठेवला. मग त्याने शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि मास्तरांकडे न बघता पुढे सरकवला. मास्तरांनी कागद उलगडला. आत मेहुण्याच्या अक्षरात एकाखाली एक चौदा आकडे लिहिले होते. एक, कमर सोळा. दोन, कमर साडेसतरा. तीन, कमर सोळा.

"हे काय?"

"माझ्या बंगल्याच्या मागचं कुंपण, दाजी. लाकडी आहे. बायकोला घरापाशी सिमेंट आवडत नाही. दोन खांब खालनं मऊ लागायला लागलेत." तो खाकरला. "मापं मागच्याच आठवड्यात घेतली. कापड मी आणलंय गाडीत. जाड आहे."

म्हणजे पहार आणण्याआधीच त्याने मापं आणली होती. मास्तरांनी चष्मा लावला, टेप गळ्यात टाकला आणि कागद नीट वाचला. गळ्यात टेप असला की मास्तर कुणाचेच दाजी नसत.

"मापं ठीक घेतलीत. लांबी तेरा धरतो."

"आणि दाजी, मार्जिन," मेहुणा आवाज उतरवून म्हणाला, "ते जरा आत दुमडून ठेवा. शेजारीपाजारी येतात. सिमेंटवाल्याच्या घरी हे असलं दिसलं तर…"

"नाही," मास्तर म्हणाले. "माणसांचं मार्जिन आत असतं. खांबाचं बाहेर दिसायला हवं. सहा इंच. चांगलं ठळक."

बायकोने स्वयंपाकघरातून ऑर्डरची वही आणून नवं पान उघडलं. "नाव काय टाकू? भाऊ म्हणून लिहू?"

"गिऱ्हाईक म्हणून लिही."

मेहुण्याने मान खाली घालून ते मान्य केलं. उठता उठता त्याने विचारलं, "कधी मिळतील?"

मास्तरांनी टाचण्या तोंडात धरल्या, मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि योग्य खांद्यावरून येणाऱ्या उजेडात सुईत दोरा ओवला.

"गुरुवारी," ते म्हणाले, "एक चक्कर मारा."